चढावर थरथरणारी गाडी: एका इलेक्ट्रिक एसयूव्हीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मध्यम आकाराची इलेक्ट्रिक एसयूव्ही. वय दोन वर्षांच्या आत, मीटरवर ४१,००० किलोमीटर. मालक भोर तालुक्यात राहणारे आणि पुण्यात शाळेत शिकवणारे. गॅरेजमध्ये आम्ही त्यांना सर म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, आणि जाताना काय, येताना काय, कात्रजचा चढ ठरलेला.

शिमग्याच्या सुमारास सर आमच्याकडे आले. त्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या होत्या. पहिल्या वेळी व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. दुसऱ्या वेळी चारही टायर आलटून-पालटून बसवले आणि पुन्हा बॅलन्सिंग. तिसऱ्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट. त्या अपडेटनंतर दोन दिवस सरांना वाटलं की फरक पडला. पिकअप जरा मऊ झाला होता, इतकंच. तिसऱ्या दिवशी थरथर होतीच. शेवटी तिथे त्यांना सांगितलं गेलं की एकतर हा इलेक्ट्रिक गाडीचा स्वभाव आहे, नाहीतर मोटर-गिअरबॉक्सचा अख्खा युनिट बदलून बघावा लागेल. मोटरच्या लांब मुदतीच्या वॉरंटीत तो बसतो की नाही हे तपासून कळवतो म्हणाले आणि न बसल्यास किती लागतील तो आकडाही हातात दिला: १ लाख ६० हजारांच्या पुढे. तो कागद घेऊनच सर आमच्याकडे आले.

तक्रार

सरांनी तक्रार एका वाक्यात मांडली: "दादा, नुसती पळवली की गाडी गुणाची, पण ॲक्सिलेटर दाबला की अंगात आल्यासारखी करते."

आम्ही ट्रायल मारली. सपाट रस्त्यावर ६०च्या वेगाने पाय स्थिर ठेवला तर काही नाही. ८०ला काही नाही. ३०वरून पाय खाली दाबला की सीटखालून थरथर सुरू, साधारण ६०पर्यंत टिकते, पाय उचलला की त्याच क्षणी गायब. स्टिअरिंग फारसं थरथरत नव्हतं, सीट आणि फ्लोअर थरथरत होते. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही.

शेजारच्या सीटवर मी बसलो होतो आणि मधल्या खाचेत सरांची अर्धी भरलेली पाण्याची बाटली होती. पाय दाबला की त्यातलं पाणी पुढे-मागे व्हायला हवं, तसं ते एकदा मागे गेलंही. पण त्याच्या वरच्या कडेला एक बारीक आडवी थरथर होती, डाव्या दारापासून उजव्या दाराकडे. मी ती पाहिली आणि सोडून दिली. हे लिहून ठेवतो, कारण सगळं प्रकरण त्या बाटलीत होतं.

आमचा पहिला दिवस आणि पहिली चूक

गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली. चारही चाकं धरून हलवून पाहिली, बेअरिंगला खेळ नाही. चाक हाताने फिरवलं, घरघर नाही. मोटरची माउंटिंग रबरं पाहिली, फाटलेली नाहीत. ॲक्सलचे, म्हणजे मोटरचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, चारही रबरी बूट (सांध्यांवरची ग्रीस धरून ठेवणारी आवरणं) कोरडे, कुठेही ग्रीस उडालेलं नाही. ॲक्सल हाताने पिळून पाहिला, जेवढा मोकळेपणा असायला हवा तेवढाच. मिस्त्रींनी पाटीवर ॲक्सलपुढे बरोबरची खूण केली आणि आम्ही पुढे सरकलो.

त्यात दोन गफलती होत्या. आतल्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सला लागून असलेला सीव्ही जॉइंट (ॲक्सल तिरपा असतानाही फिरता जोर पुढे नेणारा सांधा) ट्रायपॉड पद्धतीचा असतो. तीन पायांची एक चकती, प्रत्येक पायावर एक रोलर, आणि ते तीन रोलर बाहेरच्या वाटीतल्या तीन खाचांत पुढे-मागे सरकतात. चाक वर-खाली होताना ॲक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, ती या सरकण्यातून होते. त्यामुळे या जॉइंटला मुळातच खेळ असतो. खाच अर्धा मिलिमीटर झिजली तरी हाताला ते कळत नाही. बूट फाटून ग्रीस गेलं आणि माती शिरली म्हणजे जॉइंट जातो हे खरं, पण बूट शाबूत म्हणून जॉइंट शाबूत हे खरं नाही.

दुसरी गफलत लिफ्टची. गाडी उचलली की चाकं लोंबकळतात आणि कुठल्याही गाडीचे ॲक्सल बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले दिसतात. गाडी रस्त्यावर उभी असताना ॲक्सल किती तिरपा आहे हे लिफ्टवर दिसूच शकत नाही. त्याच अवस्थेत गाडी चालू करून चाकं फिरवण्याचा मोह एका पोराला झाला होता, तो मी वेळीच थांबवला. कमाल तिरपेपणात चाक मोकळं फिरवलं तर चांगला जॉइंटही थरथरतो, वर रस्त्याचा भार नसल्याने खरा दोष दिसत नाही ते वेगळंच.

पेट्रोल-डिझेल गाडीची माउंटिंग तपासताना आपण ब्रेक दाबून, गिअरमध्ये टाकून, जरासा ॲक्सिलेटर देतो आणि इंजिन किती उचलतं ते बघतो. इथे तेही जमलं नाही. ब्रेक दाबलेला असताना ही गाडी मोटरला जोरच देत नाही. म्हणून बॉनेटखाली एक जुना फोन पट्टीने घट्ट बांधला, चित्रण चालू केलं आणि गॅरेजच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा वेळा गाडी झटक्यात काढली. मोटर हलत होती, पण एकदाच, झुकून परत जागेवर. माउंटिंग गेलेलं असतं तर सुरुवातीला एक ठक आवाज आला असता. सतत चालणारी बारीक थरथर त्यातून येत नाही.

समोर असलेले पर्याय

दिवसाअखेर आमच्यापुढे चार रस्ते होते. माउंटिंग बदलून बघायचं. स्वस्त आणि बहुतेक निरुपयोगी. टायर उसने घेऊन लावायचे; पण टायरची थरथर वेगावर चालते, पायावर नाही. सर्व्हिस सेंटरच्या म्हणण्याप्रमाणे मोटर युनिटवर संशय घ्यायचा. किंवा काहीही न बदलता थरथर मोजायची.

खरं सांगायचं तर चौथा रस्ता आम्ही शहाणपणाने निवडला नाही. सर पगारदार माणूस, आधीच तीन चकरांनी वैतागलेले, आणि "बदलून बघू" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय उरली नव्हती.

मोजायचं म्हणजे काय, तर थरथर सेकंदाला किती वेळा होते ते काढायचं आणि गाडीतला कुठला भाग त्या वेगात सेकंदाला तितक्या वेळा काहीतरी करतो ते शोधायचं. या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी सोपी. गिअर एकच, क्लच नाही, इंजिनाचे स्वतःचे हादरे नाहीत. चाक एकदा फिरलं की ॲक्सल एकदा फिरतो आणि मोटर या गाडीत साधारण साडेनऊ वेळा.

घाटात मोजणी

फोनमध्ये फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने बनवलेलं. फोनमधल्या सेन्सरने कंप टिपून त्यातल्या वारंवारतांचा आलेख ते दाखवतं. महागडं यंत्र आमच्याकडे नव्हतं आणि लागलंही नाही. आमच्या फोनचा सेन्सर सेकंदाला २०० नोंदी घेत होता, म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतचा, सेकंदाला १०० वेळा होणारा, कंप त्याला दिसतो.

पहिला प्रयत्न वाया गेला. सपाट रस्त्यावर ३०वरून ६०ला नेताना आलेख घेतला, तर आलेखात शिखरच नाही, नुसता पसरट डोंगर. साहजिक आहे. वेग बदलतोय म्हणजे चाकाचे फेरे बदलतायत, म्हणजे वारंवारताही सरकतेय. वेग स्थिर हवा आणि मोटरवर भारही हवा, हे दोन्ही एकदम कुठे मिळेल?

घाटात. गॅरेज नऱ्ह्याच्या बाजूला, घाट दारातच. आणि इथेच तक्रारीतला एक शब्द बदलला. सर म्हणत होते, गाडी वेग घेताना थरथरते. जुन्या कात्रज घाटाच्या चढावर ३६चा वेग धरला, जराही वाढवला नाही, तरी थरथर होती आणि चांगली होती. म्हणजे प्रश्न वेग घेण्याचा नव्हताच, भाराचा होता. चाकाला जोर मिळत असला की थरथर, मग गाडीचा वेग वाढो वा न वाढो.

फोन ड्रायव्हरच्या सीटच्या रुळावर दोन बाजूंच्या चिकटपट्टीने बसवला. टायर २१५/६० आर १६. निघण्याआधी टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली होती, जमिनीवरचं अंतर २ मीटर २ सेंटिमीटर भरलं. ३६चा वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण ५ फेरे. चाक किंवा टायर दोषी असेल तर शिखर ५ हर्ट्झला हवं. मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, दोषी असेल तर ४७च्या आसपास.

शिखर १५ला होतं.

घाईने निष्कर्ष नको म्हणून नवले पुलाकडून नव्या बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर, डावी लेन धरून, ५४च्या वेगाने पुन्हा मोजलं. चाकाचे फेरे सेकंदाला ७.४. शिखर २२ला. दोन्ही वेळा बरोबर तिप्पट. चाकाच्या एका फेऱ्यात तीन धक्के.

आता गाडीच्या पुढच्या भागात असं काय आहे जे चाकाबरोबर फिरतं आणि एका फेऱ्यात तीनदा काहीतरी करतं? मिस्त्रींनी तीन बोटं वर केली, म्हणजे ट्रायपॉडचे तीन पाय. ॲक्सल तिरपा असेल तर प्रत्येक रोलर एका फेऱ्यात खाचेत पुढे-मागे सरकतो, भाराखाली घासतो आणि ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने एक ढकल देतो. तीन रोलर, तीन ढकली. तिरपेपणा वाढला की ढकल वाढते, भार वाढला की वाढते, ग्रीस संपलं किंवा खाच झिजली की आणखी वाढते. ॲक्सल गाडीत आडवा असतो, म्हणून ढकलही आडवी. बाटलीतलं पाणी आडवं का थरथरत होतं ते तेव्हा कळलं. आलेख पुन्हा उघडून तिन्ही दिशा वेगळ्या पाहिल्या, तर आडव्या दिशेचं शिखर बाकी दोघांपेक्षा स्पष्ट उंच.

परत येताना उतारावर ब्रेकऐवजी रिजनवर गाडी धरली, म्हणजे मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते. तिथेही हलकी थरथर मिळाली, तिप्पटच. रिजनमध्ये जोर उलट्या दिशेने लागतो पण लागतो. बोगद्यापासून खाली येतानाच्या वेळेचा उपयोग झाला तो असा.

मग कारण काय?

जॉइंट पकडला गेला, पण ४१,००० किलोमीटरला ट्रायपॉड का जावा? अशा गाड्या आमच्याकडे लाखाच्या पुढे गेलेल्या येतात.

कारण आमच्यातल्या कोणी शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मॉडेलची, त्याच रंगाची एक गाडी ब्रेकपॅडसाठी आली आणि सरांच्या गाडीशेजारी उभी राहिली. हेल्पर पोरगा दोन्हीकडे बघून म्हणाला, "मालक, ही बुटकी आहे का ती उंच आहे?"

टेप लावला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर सरांच्या गाडीत २८ मिलिमीटर जास्त. बॉनेटच्या मागची प्लॅस्टिकची झाकणं काढली, वायपरखालची पट्टी उचलली, तर दोन्ही स्ट्रटच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबांच्या) डोक्यावर काळ्या रंगाचे ३० मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे गाडीची उंची वाढवणारे ठोकळे.

सरांना फोन केला. ते अगदी सहज म्हणाले, "हो, दिवाळीच्या सुट्टीत बसवले. गावच्या स्पीडब्रेकरला खाली घासायची. बॅटरीला काही होईल म्हणून भीती वाटली." थरथर कधीपासून? संक्रांतीपासून. हे दोन मुद्दे जोडावेत असं त्यांना वाटलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सर्व्हिस सेंटरच्या तिन्ही जॉबकार्डांवर "बाहेरून काही बसवलं आहे का" या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. आमच्या जॉबकार्डावर तर तो रकानाच नव्हता.

आमच्याकडे जुना पिट, म्हणजे खाली उतरून काम करायचा खड्डा, आहे, बऱ्याच वर्षांपासून टेम्पोंसाठी वापरतो. गाडी त्यावर घेतली म्हणजे ती स्वतःच्या चाकांवर उभी राहते आणि खालून ॲक्सल खऱ्या अवस्थेत दिसतो. फोनमधली लेव्हल ॲक्सलवर टेकवून कोन घेतले. सरांच्या गाडीचा डावा ॲक्सल साडेनऊ अंश, उजवा साडेसहा. शेजारच्या बुटक्या गाडीत साडेचार आणि तीन. डावा आखूड असल्याने त्याच उंचीवाढीचा त्याला जास्त फटका. वर, जोरात पाय दाबला की गाडीचं नाक उचलतं आणि कोन आणखी वाढतो, नेमका ज्या क्षणी भार सगळ्यात जास्त त्याच क्षणी.

पेट्रोल गाड्यांना असे स्पेसर लावून लोक वर्षानुवर्षं फिरतात, त्यांना का होत नाही, असं सरांनी विचारलं. होतं, पण कळत नाही. इंजिनाच्या स्वतःच्या हादऱ्यांत ते बुडून जातं, आणि इंजिन पूर्ण जोर देण्याआधी आरपीएम चढावे लागतात. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर टाकते, आणि वर गाडी इतकी शांत की बारीकशी थरथरही सीटमधून चढते.

काय केलं

पहिला निर्णय: आधी स्पेसर काढायचे, ॲक्सलला हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. स्पेसर काढले, अलाइनमेंट केली, तोच घाट, तोच वेग, तोच फोन त्याच जागी. १५ हर्ट्झचं शिखर जवळपास निम्म्यावर आलं. निम्मं, गेलं नाही.

इथे दुसरा निर्णय घ्यायचा होता आणि तो आमचा चुकला. डावा ॲक्सल नवा घ्यायचा की जॉइंट खोलून, धुऊन, नवं ग्रीस भरून बघायचं? नवा १९,४०० रुपयांचा आणि यायला दहा दिवस. ग्रीस आणि बूट-क्लिप मिळून हजाराच्या आत. सर म्हणाले, "आधी ग्रीसचं बघा." आम्हीही हो म्हटलं.

काम करताना काय पाळलं ते थोडक्यात. गाडी बंद, चावी गाडीपासून लांब, १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. ॲक्सल काढायला हाय व्होल्टेजचा कुठलाही भाग उघडावा लागत नाही, पण गिअरबॉक्सच्या वरूनच त्याची नारिंगी केबल जाते, त्यामुळे पहार लावताना ती कुठे टेकते याकडे एका माणसाचं फक्त तेवढंच लक्ष. उचलायचं ते कंपनीने खूण केलेल्या जागांवरच, मध्ये सगळा बॅटरीचा ट्रे आहे. हबचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, परत बसवताना नवा वापरायचा आणि शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) पुन्हा चाक जमिनीवर टेकल्यावर. आणि ॲक्सल गिअरबॉक्समधून काढताना दांडा धरून ओढायचा नाही. दांडा ओढला की ट्रायपॉड वाटीतून निसटतो आणि वाटी गिअरबॉक्सलाच अडकून राहते. पहार वाटीच्या मागे लावायची. गिअरचं तेल सांडतं, ते मोजून तितकं नवं भरलं, ऑइल सील नवं.

जॉइंट टेबलावर खोलला. ग्रीस काळं आणि पातळ, इंजिन ऑइलसारखं ओघळणारं. वाटी धुतल्यावर खाचांत दोन पट्टे दिसले. एक आखूड, आरशासारखा गुळगुळीत, ३४,००० किलोमीटर रोलर जिथे खेळले तिथला. त्याच्या दोन्ही टोकांना पुढे वाढलेला दुसरा, करडा आणि खरखरीत, दिवाळीनंतरचा. कोन वाढल्यावर रोलरची फेरी लांबली आणि ते नव्या जागेवर धावायला लागले. दोन्ही पट्ट्यांच्या सांध्यावरून नख फिरवलं तर नख अडकत होतं, तिन्ही खाचांत.

नख अडकतंय हे कळल्यावर तिथेच थांबायला हवं होतं. आम्ही नवं ग्रीस भरलं, ट्रायपॉड जॉइंटचं खास, व्हील बेअरिंगचं नाही, आणि गाडी दिली. घाटात ट्रायल घेतली तेव्हा थरथर जवळजवळ नव्हती. सर खूश, आम्ही खूश. आठवड्याभरात, ७०० किलोमीटरला, सरांचा फोन: "दादा, परत यायला लागलंय."

ग्रीसने घर्षण कमी केलं होतं, खाचेतली पायरी तशीच होती. डावा ॲक्सल मागवला, बसवला. दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी लावली नाही. लावणार तरी कुठल्या तोंडाने!

उजवा बदलायचा का यावरही चर्चा झाली. त्याचा कोन कमी वाढला होता, आणि खोलून पाहिला तर पट्टा वाढलेला असला तरी नख कुठे अडकत नव्हतं. ग्रीस बदलून तो तसाच ठेवला. जोडीने बदलायची आपल्याकडे सवय आहे, पण ॲक्सल म्हणजे ब्रेकपॅड नव्हे.

उंचीचं काय?

सरांचा मूळ प्रश्न मात्र शिल्लक होता. स्पेसर काढल्यावर गाडी पुन्हा गावच्या ब्रेकरला घासणार. त्यांनी विचारलं, दहा-बारा मिलिमीटरचे पातळ बसवता येतील का? बसतील, पण मग कोनही वाढेल, वॉरंटीचा प्रश्नही येईल. मोठे टायर लावले तर रेंज कमी आणि मीटर चुकीचा.

म्हणून आधी नक्की काय घासतं ते बघायचं ठरलं. पिटमध्ये टॉर्च घेऊन खाली गेलो. बॅटरीच्या ट्रेवर एकच जुना ओरखडा, तोही बाजूच्या कडेला, दगड उडाल्यासारखा. घासलेला भाग होता पुढच्या बंपरखालची काळी पट्टी. तिची खालची कड झिजून पांढरी पडली होती आणि फटीत तांबडा मुरूम दाबून बसला होता. ती पट्टी हवा वळवण्यासाठी असते, लवचिक असते आणि घासली तर घासू दे अशाच हिशोबाने बनवलेली असते. गाडीत बसलेल्याला मात्र आवाज असा येतो की खालचं सगळं फाटलं.

सर ती पट्टी हाताने वाकवून बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे मी हिच्यासाठी एवढं केलं."

गावच्या त्या एका ब्रेकरच्या दोन्ही बाजूंना नंतर त्यांनी शेजाऱ्यांना सांगून मुरूम टाकून उतार करून घेतला.

निष्पत्ती

नवा ॲक्सल बसवल्यावर त्याच दोन चढांवर मोजणी केली. १५ आणि २२, दोन्ही ठिकाणची शिखरं रस्त्याच्या खडखडाटात मिसळून गेली. गणपतीच्या आधी, आणखी ९,००० किलोमीटर झाल्यावर, पुन्हा एकदा मोजलं, तसंच. उजव्या ॲक्सलचा बूट चेपून पाहिला, ग्रीस घट्ट आहे. तो ६०,०००ला परत खोलून बघायचा असं कार्डावर लिहिलंय.

एकूण बिल सत्तावीस हजारांच्या आसपास गेलं, त्यात दोन वेळची अलाइनमेंट धरून. मोटर युनिट बदललं असतं तर थरथर तशीच राहिली असती, कदाचित आणखी घोटाळा झाला असता, कारण नवीन गिअरबॉक्सला जुना ॲक्सल पुन्हा ग्रीस न भरता जोडला गेला असता. सर्व्हिस सेंटरला दोष देणं सोपं आहे, पण बॉनेटच्या मागची पट्टी त्यांनी उचलली नाही तशी आम्हीही पहिल्या दिवशी उचलली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

"गाडीवर गेल्या वर्षभरात काय काय काम झालं, कुठेही झालेलं" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता तर दोन दिवस वाचले असते. आता जॉबकार्डावर तो रकाना आहे. नुसतं "काही बसवलंय का" विचारून भागत नाही. स्पेसर लोकांना बसवलेली वस्तू वाटतच नाही, उंची वाढवली असं वाटतं. म्हणून उंची, टायरचा साइज, सीट कव्हर, म्युझिक असं एकेक नाव घेऊन विचारतो.

थरथर भारावर आहे की वेगावर, हे ठरवायला आधी घाटात जायला हवं होतं. तीन चकरांमध्ये झालेलं सगळं बॅलन्सिंग वेगावरच्या थरथरीसाठी होतं.

लिफ्टवर ॲक्सलपुढे बरोबरची खूण करू नये. हे मिस्त्रींना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, अनुभवी हाताला खेळ कळतो. कळतो, बाहेरच्या जॉइंटचा कळतो, वळणावर कट-कट करणारा. आतल्याचा नाही. आमचा यावर वाद अजून चालू आहे.

ग्रीसच्या निर्णयाबद्दल माझं मत बदललेलं नाही, फक्त अट लागली आहे. खाच गुळगुळीत असेल तर ग्रीस, नख अडकलं तर ॲक्सल. त्या दिवशी नख अडकलं होतं आणि आम्ही गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून ते न अडकल्यासारखं केलं.

बिल देताना सर म्हणाले, "ते काढलेले स्पेसर पिशवीत घालून द्या, पुतण्याच्या गाडीला बसतील."

मी विचारलं, कुठली गाडी आहे पुतण्याची? म्हणाले, बुक केलीय, हीच, नवीन बॅटरीवाली. स्पेसर आमच्याच कपाटात आहेत.